जरा सरकून घ्या!

मुंबईवर व्हिडिओ गेम काढायचा म्हटलं की काढणाऱ्याचा हात आधी पिस्तुलाकडे जातो. काही वर्षांपूर्वी ‘मुंबई गल्लीज’ नावाच्या गेमची घोषणा झाली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या वळणाचा, शहरभर हुंदडायची मोकळीक देणारा. पुण्याच्या मंडळींनी 2020 साली ‘राजी’ काढला. दिसायला देखणा, पण त्यातल्या पोरीच्या हातातही शस्त्र आणि समोर राक्षस. पुण्याचाच ‘इंडस’ 2024 मध्ये आला. त्यात सगळ्यांनी एका ठिकाणी उतरायचं आणि शेवटचा उरेपर्यंत एकमेकांना टिपायचं. शेवटचा उरेपर्यंत! लालबागमध्ये शेवटचा एकटाच उरला तर तो करील काय? वर्गणी कोणाकडे मागेल?

रक्ताचं या वस्तीला अप्रूप नाही. 5 जून 1970 ला आमदार कृष्णा देसाई यांचा खून इथेच झाला. पुढच्या टोळीयुद्धांवर सिनेमे निघाले आणि लोकांनी ते तिकीट काढून पाहिलेही. पण कुणाला खरंच लालबागचा गेम बनवायचा असेल, तर त्याने शत्रू शोधत फिरू नये. इथे असते ती गर्दी. आणि गर्दीवर गोळी झाडता येत नाही, कारण तिच्यात आपला मामा असतो.

2015 मध्ये ‘अंडरटेल’ आला. त्यात समोरच्या राक्षसाला न मारता, त्याच्याशी बोलून सोडून देता येतं. जगभर वाहवा झाली, केवढी नवी कल्पना म्हणून. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवं काय ते कळत नाही. शेजाऱ्याला मारून भागत नाही, उद्या सकाळी त्याच नळावर जायचं असतं.

इथला माणूस पिढ्यान्पिढ्या एकाच गोष्टीसाठी झुंजतो आहे: टेकायला जागा. खोटं वाटत असेल तर खुद्द लालबागच्या राजाचा, इथल्या गणपतीचा, इतिहास बघा. पेरू चाळीतला बाजार 1932 साली बंद झाला. उघड्यावर आलेल्या कोळणींनी आणि व्यापाऱ्यांनी नवस बोलला, बसायला कायमची जागा मिळू दे. ती मिळाली आणि 1934 साली गणपती बसला. आज ज्याच्यापुढे लोक मूल, नोकरी आणि व्हिसा मागतात, त्याने पहिलं काम केलं ते मासळी विकायला चार हात जमीन मिळवून देण्याचं. एवढी चांगली पटकथा आयती पडलेली असताना गेमवाले पिस्तुलाची नळी किती लांब ठेवायची यावर बैठका घेतात.

तेव्हा काही कल्पना मी फुकट देतो. श्रेय नको, मानधन तर मराठी लेखकाला ऐकूनच माहीत असतं.

सुरुवात सोप्या गेमने करू. नाव ‘चौथी सीट’. करी रोड स्टेशन, संध्याकाळ, कल्याणकडे जाणारी स्लो. (फास्ट इथे थांबत नाही. फास्टचं आणि लालबागचं कधी जमलंच नाही.) बाकावर तिघं बसलेले. तुम्हाला चौथ्याची, म्हणजे अर्धं अंग टेकण्यापुरती जागा मिळवायची आहे. हत्यार एकच: “जरा सरकून घ्या.” ते कोणत्या सुरात म्हणता यावर सगळा खेळ. फार मऊ म्हणालात तर कडेचा माणूस झोपेचं सोंग घेतो. दरडावलंत तर तो तुम्हाला टॅक्सीने जायचा सल्ला देतो. सूर जमला तर तीन माणसं मिळून चार इंच देतात, आणि ते चार इंच मिळाल्याचा आनंद कुठल्याही राक्षसाला मारून मिळणार नाही. पुढच्या लेव्हलला “कुठे उतरणार?” हा डाव उघडतो. समोरचा “ठाणे” म्हणाला की ठाण्यापासून ती सीट तुमची. कागद नाही, मुद्रांक नाही, दलाल नाही. मुंबईत नुसत्या शब्दावर चालणारा जागेचा हा एकमेव व्यवहार.

‘रांग’ हा मात्र मोठा प्रकल्प आहे. त्याला परदेशात थोर पूर्वज आहेत. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांच्या जोडीने 1995 च्या सुमारास ‘डेझर्ट बस’ नावाचा गेम बनवून घेतला. टुसॉनहून लास वेगासला रिकामी बस चालवत न्यायची. रस्ता सरळ, वळण नाही, दुसरं वाहन नाही, आणि प्रवास घड्याळी आठ तासांचा. डुलकी काढता येत नाही, कारण बस मुद्दाम उजवीकडे ओढते. पोचलात की एक गुण. मग परतीचा प्रवास. हा गेम तेव्हा दुकानात आलाच नाही, पण पुढे हौशी लोक तो दिवसेंदिवस खेळून धर्मादाय कामाला पैसे गोळा करू लागले. 2011 मध्ये पिपिन बार नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयातल्या रांगेचा गेम केला. नुसतं उभं राहायचं, आणि खरं संग्रहालय बंद असलं की गेमही बंद. त्याच वर्षी पोलंडच्या एका सरकारी संस्थेने कम्युनिस्ट राजवटीतल्या दुकानांपुढच्या रांगांवर पटावरचा खेळ काढला.

हे सगळे आमच्यापुढे बालवाडीत आहेत. आठ तास? आठ तासांत राजाच्या नवसाची रांग पुढच्या मंडपापर्यंतही सरकत नाही.

आमच्या ‘रांग’मध्ये दोन वाटा. मुखदर्शन सोपी, नवस अवघड. तुमच्याकडे चार गोष्टी: पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, फोनची बॅटरी आणि मूत्राशय. पहिली वापरली की चौथी भरते. हा तोल सांभाळता सांभाळता पट्टीचे खेळाडू रडकुंडीला येतील. वाटेत हल्ले होतात. एक बाई “आमची माणसं पुढे आहेत” म्हणत येते. तिला वाट दिलीत तर मागून तिचं सबंध कुटुंब निघतं, त्यात शेवटी एक आजोबा असतात आणि आजोबांना अडवलंत तर तुमचे गुण जातात. बचावासाठी पिशवी पोटाशी धरणे, कोपर किंचित बाहेर ठेवणे आणि रस्ता दिसतच नसल्याचा चेहरा करणे एवढ्याच चाली आहेत. आणि एक हुकमी चाल: शेजारी उभ्या असलेल्या विरारच्या अनोळखी काकूंना “जागा बघा हं” म्हणून जाणे. परत याल तेव्हा काकू तुम्हाला ओळखतील की नाही, हे तुम्ही आधी त्यांना बिस्किट दिलं होतं का यावर ठरतं. मानवी संबंधांचं इतकं बारीक गणित टॉलस्टॉयलाही मांडता आलं नसतं.

मोबाईलच्या गेममध्ये पैसे मोजून पुढे जाता येतं. इथे पैसे चालत नाहीत, ‘ओळख’ चालते. ती दुकानात मिळत नाही. ती रक्तात असावी लागते किंवा निवडून यावं लागतं. मधेच तुमचा पडदा थिजेल. अर्धा तास काहीच हलणार नाही. फोन आपटू नका, बिघाड नाही, नटी आली आहे.

आणि शेवट. एवढं सगळं पार करून तुम्ही पायांशी पोचता तेव्हा तुम्हाला तीन सेकंद मिळतात. नवस आधी टाइप करून ठेवता येत नाही, तिथेच आठवावा लागतो, आणि कानाशी “चला, चला, पुढे चला” चालू असतं. बहुतेक खेळाडू घाईघाईत “सगळ्यांचं भलं कर” एवढंच म्हणतात आणि बाहेर फेकले जातात. फ्लॅटचं राहून जातं.

ज्यांना हातघाईच हवी आहे त्यांनी एप्रिल-मे महिन्यात मिरची गल्लीत यावं. गेमचं नाव ‘डंक’. खेळाडू सगळ्या मावश्या, माम्या आणि आत्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काश्मिरी लोकांना दाखवायला. दुकानदाराने भाव सांगितला की पहिला वार गप्प राहण्याचा. नंतर मिरची हातात घेऊन मोडायची आणि चेहऱ्यावर काहीच उमटू द्यायचं नाही. शेवटचं अस्त्र, “चला हो, पुढे बघू.” चार पावलं चालायची, मागे वळायचं नाही. पाचव्या पावलाच्या आत दुकानदाराने हाक मारली तर तुम्ही जिंकलात, नाही मारली तर सहाव्या पावलाला चप्पल नीट करायला थांबायचं. यानंतरचा भाग त्याहून कठीण: डंकावर आपला मसाला कुटला जाईपर्यंत तिथेच उभं राहायचं, डोळ्यांतून पाणी, नाकात आग, आणि तरी नजर हलवायची नाही, कारण आपल्या बेडगीत कोणाची तरी लवंगी मिसळली तर वर्षभर घरातली माणसं बोलून दाखवतात. शिंक आली की दोन सेकंद डोळे मिटतात. तेवढ्यात काय झालं हे गेम तुम्हाला कधीच सांगणार नाही. जूनमध्ये कालवण केल्यावर कळेल.

अशा गेमना सरकारी पाठबळ मिळेल का, असा प्रश्न काहींना पडेल. न मिळायला काय झालं? जुलै 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असा त्यांचा खुलासा होता. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं देण्यात आलं. पुढच्याच महिन्यात केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. यावरून महाराष्ट्रात खेळाला उत्तेजन आहे की नाही, वाचकांनी ठरवावं. जाहिरात घालवणे हा मात्र देशातला सर्वांत जास्त खेळला जाणारा गेम आहे याबद्दल दुमत नसावं. त्या बिचाऱ्या छोट्या फुलीवर बोट नेमकं पडणं हे ऑलिम्पिकच्या नेमबाजीइतकंच अवघड.

श्वासावर चालणारी मारामारी हवी असेल तर ती गिरणगावात कधीपासून तयार आहे. कबड्डी. दुसऱ्याच्या जागेत घुसायचं, हात लावायचा आणि दम टिकेपर्यंत आपल्या जागेत परत यायचं. बाद झालेला भिडू आपल्या गड्याने गुण घेतला की पुन्हा उठून आत येतो. मेलेल्याला जिवंत करण्याची सोय परदेशी गेमवाल्यांनी जादूच्या बाटलीत घातली, आमच्याकडे ती नियमातच आहे.

आता ‘भरती’. याची पटकथाही आयतीच. 6 सप्टेंबर 2025, अनंत चतुर्दशी. राजा निघाला, रात्रभर मिरवणूक चालली, रविवारी सकाळी गिरगाव चौपाटी आली. मूर्तीसाठी नवा यांत्रिक तराफा सज्ज होता. पण समुद्राला कोणी विचारलं नव्हतं. भरती आली, मूर्ती तराफ्यावर चढेना, आणि लाखोंची गर्दी, अख्खी यंत्रणा, सगळे कॅमेरे ओहोटीची वाट पाहत उभे राहिले. विसर्जन झालं ते रविवारी रात्री. गेमच्या दृष्टीने याहून चांगला शेवटचा राक्षस कुठे मिळणार? त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तो तुमच्याकडे बघतही नाही, तो फक्त वर येतो आणि त्याच्या वेळेला खाली जातो.

मागचा सूत्रधार तर आणखी भारी. गणपती उंदरावरून पडला तेव्हा चंद्र हसला आणि देवाने त्याला शाप दिला, हे घरोघरी सांगितलं जातं. चतुर्थीला आपण चंद्राकडे बघत नाही. पण भरती ओढतो कोण? चंद्रच. आणि अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या तोंडावर येते म्हणजे उधाण ठरलेलंच. चंद्राने शापाची परतफेड करायला एवढी शतकं दबा धरला आणि साधला डाव तो गिरगावात. त्या रात्री त्यालाही ग्रहण लागलं, खग्रास. सामना बरोबरीत सुटला म्हणायला हरकत नाही. या गेममध्ये खेळाडूला शस्त्र म्हणून द्यायचं फक्त भरती-ओहोटीचं वेळापत्रक. ते वाचायचं की नवी यंत्रं विकत घ्यायची, हे त्याने ठरवावं. चौपाटीवरचे कोळी बाजूला उभे राहून नुसते बघतील. त्यांना विचारलं तर गेम पाच मिनिटांत संपतो, म्हणून तो पर्याय मेनूच्या अगदी तळाशी ठेवावा.

इथवरचे गेम हसत खेळता येतात. शेवटचा मात्र मी कोणत्या कंपनीला द्यावा हे कळत नाही, कारण तो आधीच चालू आहे.

एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने 1904 साली एका पटाचं पेटंट घेतलं. नाव ‘लँडलॉर्ड्स गेम’. जमीन मूठभरांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं हे लोकांना दिसावं, हा हेतू. तिने नियमांचे दोन संच केले: एकात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळे, दुसऱ्यात एकजण सगळ्यांना भिकेला लावून जिंके. लोकांना दुसराच आवडला. पुढे त्याचाच ‘मोनोपॉली’ झाला, आणि तिच्या पेटंटचे तिला पाचशे डॉलर मिळाले. आपल्याकडे तो ‘नवा व्यापार’ होऊन आला. मे महिन्याच्या सुट्टीत चाळीच्या व्हरांड्यात पोरं दहा बाय बाराच्या खोलीबाहेर बसून शहरंच्या शहरं विकत घेत. खोलीचं भाडं मात्र खऱ्या पैशात जायचं.

गिरणगावात हा पट खऱ्या जमिनीवर मांडला गेला. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो डाव अजून संपलेला नाही, कोणीतरी मधेच पॉज दाबून उठून गेलं आहे. मग गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 मध्ये नियम आला, विकास नियंत्रण नियमावलीतला 58 क्रमांकाचा. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मॅगीबाईंचा पहिला संच! बाई वरून खूश झाल्या असतील. 2001 साली नियमात दुरुस्ती झाली: वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, गिरणीच्या आवारात जी मोकळी असेल तेवढीचीच. आता गिरणीत असतात शेड, चिमणी, गोदामं, खाती. मोकळी जागा असते ती सायकली लावण्यापुरती. प्रकरण कोर्टात गेलं, उच्च न्यायालयात एक निकाल लागला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 चाच नियम कायम केला. व्हिडिओ गेमवाले याला अपडेट म्हणतात. अपडेटनंतर काही खेळाडूंचं जमवलेलं सामान गायब होतं, त्याबद्दल तक्रार करायला एक ईमेल असतो, आणि त्यावरून आपोआप आभाराचं उत्तर येतं.

उरलेल्या जागेवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधली गेली आणि त्यांची सोडत सुरू झाली. पहिली 2012 मध्ये. अर्ज दीड लाखाहून जास्त, आजवर सोडतीत निघालेली घरं पंधरा हजारांच्या आसपास. 2013 मध्ये ‘पेपर्स, प्लीज’ नावाचा गेम आला होता, त्यात खेळाडू सीमेवरचा कारकून होऊन लोकांच्या कागदांवर शिक्के मारतो. फार नावाजला गेला. आमच्या गेममध्ये खेळाडू खिडकीच्या अलीकडे असतो. सिद्ध काय करायचं, तर 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीत कामाला होतात. शस्त्रं: पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, तिकीट नंबर. शत्रू: वाळवी. खोलीच्या पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला तो कागद उघडायचा आणि नाव वाचता येतं का बघायचं. आईने नाव एक सांगितलं, मास्तरांनी शाळेत दुसरं लिहिलं, गिरणीत जॉबरने तिसरंच लावलं. तिन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, मग पुढची लेव्हल.

आणि बक्षीस? घर. कुठे? शेलूला, नाहीतर वांगणीला. कर्जतच्या गाडीने. जुलै 2025 मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले, मागणी एवढीच होती की घर मुंबईत द्या. ज्या चाळीच्या दारातून गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, त्या चाळीशेजारी आज टॉवरच्या साठाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो असं जाहिरातीत म्हणतात. टॉवरवाल्याला समुद्र दिसतो, कामगाराला वांगणीचं स्टेशन. तिथून तो लालबागला गणपतीत येणार, तेव्हा त्याला आधी ‘चौथी सीट’ खेळावी लागेल.

गेममध्ये माणूस मेला की पडद्यावर ‘खेळ संपला’ अशी अक्षरं येतात. या गेममध्ये ती सोय ठेवता येणार नाही. खेळाडू वारला तर मृत्यूचा दाखला, वारस प्रमाणपत्र आणि बाकीच्या भावंडांचं नाहरकतपत्र जोडायचं, की गेम जिथे होता तिथूनच पुढे सुरू. भावंडांची नाहरकत मिळवणं हा वेगळा गेम आहे, त्यात तर खरंच मारामारी आहे, तो स्वतंत्र विकावा.

एक बारीकसा कायदेशीर मुद्दा राहिला. डब्यावर वयोमर्यादा छापावी लागते. बाकीच्या गेमवर ‘फक्त अठरा वर्षांवरील’ असं असतं. यावर छापावं: पन्नाशीच्या आतल्यांनी फक्त वारस म्हणून खेळावे.